हर्सीलिया आत्याचं स्वयंपाकघर

माझी हर्सीलिया आत्या पन्नाशीला आली तरी तिला स्वतःचं स्वयंपाकघर नव्हतं. बोगोतात ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती आणि सांता बार्बारातल्या एका जुन्या घरात भाड्याच्या खोलीत राहायची. त्या घरात सहा बिऱ्हाडं होती आणि मागच्या अंगणात सगळ्यांना मिळून एकच स्वयंपाकघर. प्रत्येकाने आपापली भांडी खोलीतून घेऊन जायची, रांधायचं, आणि भांड्यांसकट परत यायचं. एखादा डाव चुकून मागे राहिला तर दुसऱ्या दिवशी तो भलत्याच्याच पातेल्यात दिसायचा. आत्या कामावरून उशिरा यायची. तोवर शेगडीतले कोळसे राखेला आलेले असायचे आणि तिचं सूप कधी नीट उकळायचंच नाही.

रविवारी ती आमच्याकडे जेवायला यायची. मदतीला उठली की माझी आई तिला हाताने थोपवायची. "तू बस, हर्सीलिया. चुलीपाशी दोघी झाल्या की मीठ दोनदा पडतं." आत्या बसायची. तिच्या मांडीवर ठेवलेले हात मला अजून दिसतात. त्यांना काय करावं ते कळत नसायचं.

मग एक्स्चेंजच्या कर्मचाऱ्यांच्या सोसायटीने खाली, तोकाइमाच्या बाहेरच्या माळावर प्लॉट पाडले. डोंगरावरच्या थंड बोगोताची माणसं बारा महिने लोकरीत गुंडाळलेली. 'खाली' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर ऊन, आंबे आणि सुट्टी. एक्स्चेंजमधल्या साहेबलोकांनी तिथे पोहण्याच्या हौदांचे बेत केले. आत्यानेही कोपऱ्यातला, सगळ्यात लहान तुकडा घेतला.

आईला हे कळलं तेव्हा ती मक्याचे दाणे काढत होती. "राहत्या गावात स्वतःचा नळ नाही, आणि बाईसाहेब निघाल्या हवेशीर बंगला बांधायला."

"तिथे नळ आहे, वहिनी," आत्या म्हणाली.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, पोस्टात नोकरीला. लग्न ठरत नव्हतं आणि शनिवार-रविवार मोकळे असायचे, म्हणून आत्याबरोबर बसने मीच जायचे. घराचा नकाशा तिने काठीने जमिनीवर काढला. गवंडी कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"बाई, झोपायची खोली एवढीशी आणि स्वयंपाकघर एवढं मोठं? पाहुणे झोपणार कुठे?"

"पाहुणे जेवून जातील."

ओटा बांधायची वेळ आली तेव्हा पुन्हा खटका उडाला. गवंड्याचं म्हणणं, ओटा सगळीकडे असतो तेवढाच उंच करायचा. आत्या ठेंगणी. आयुष्यभर ती लोकांच्या ओट्यांपाशी खोक्यावर उभी राहून कांदे चिरत आली होती. तिने कोळशाचा तुकडा घेतला, भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि आपल्या कमरेपाशी रेघ ओढली. "इथे," ती म्हणाली. गवंडी म्हणाला, उद्या घर विकायला काढलंत तर ह्या ओट्यापायी कोणी घेणार नाही. आत्याने त्याला नुसती मान डोलावून दाखवली, जणू त्याने फार चांगली बातमी दिली होती.

आमच्या घराण्यात खालचं घर म्हणजे वस्तूंचा पांजरपोळ. घर उभं राहतंय म्हटल्यावर सगळ्यांच्या माळ्यांवरून दान सुरू झालं. काकांनी तीन धड पायांचं टेबल पाठवलं. चुलत बहिणीने लग्नात आलेली, तिला स्वतःला न आवडलेली काचेची फळं दिली. आईने अॅल्युमिनियमचं एक पातेलं दिलं. त्याचा कान तुटलेला आणि झाकण दुसऱ्याच भांड्याचं. आत्याने सगळं हसून घेतलं आणि परस्पर चर्चच्या दानबाजारात देऊन टाकलं. दुर्दैवाने त्याच बाजारात आई वाण्याच्या बायकोबरोबर गेली आणि स्वतःच्या पातेल्यासमोर उभी राहिली. ईस्टरपर्यंत दोघींचं बोलणं बंद होतं.

मला एकांतात आत्या म्हणाली, "निदिया, इतकी वर्षं मी लोकांच्या उरलेल्या विस्तवावर रांधलंय. भांडी तरी मी निवडलेली असू देत."

पण निवडताना तिचं चुकलं. तिला ठाऊक होतं ते वरचं, थंडीतलं स्वयंपाकघर. बोगोतातल्या सुताराकडून तिने पाइनचं मोठं फडताळ करून घेतलं, काचेच्या दारांचं, आणि ते बसच्या टपावर चढवून खाली नेलं. खिडक्या मुद्दाम लहान ठेवल्या, वारा बाधू नये म्हणून. त्यांना जाड, वाइनच्या रंगाचे पडदे लावले. फडताळात तिने तामचिनीच्या बशा मांडल्या, चॉकलेटची उंच किटली ठेवली, कपांना कडीत टांगलं. मग दार लावून तिने आम्हा दोघींसाठी गरम चॉकलेट केलं. बाहेर उन्हाने दगड तापले होते. घाम पुसत पुसत आम्ही ते प्यायलो. "बघ," आत्या म्हणाली, "कुणीही आत येत नाहीये."

मग पावसाळा लागला, घाटात दरड कोसळली आणि दोन-अडीच महिने आम्हाला खाली जाता आलं नाही. रस्ता उघडल्यावर गेलो आणि दार उघडलं, तर आतून कुबट वास आला. पडद्यांवर हिरवी बुरशी. मिठाच्या बरणीत पाणी. छपराच्या तुळईला वटवाघळं. आत्याने फडताळावर हात टेकला तर बोटं सरळ लाकडात गेली. वाळवीने आतलं सगळं खाऊन वरचा पॉलिश केलेला पापुद्रा तेवढा शिल्लक ठेवला होता.

शेजारची रोसमिरा कुंपणापलीकडून बघत होती. तिच्या बकऱ्या होत्या, आणि शनिवारी ती बसस्टँडवर केळीच्या पानात बांधून उकडलेले मक्याचे तामाल विकायची. ती आत आली, फडताळ पाहिलं, पडदे पाहिले, आणि पदरात तोंड लपवावं तसं हाताने तोंड झाकून हसायला लागली.

"बाई, तुम्ही वाळवीला पंगत वाढून गेला होतात."

आत्या उंबऱ्यावर बसली. मला वाटलं, आता रडते की काय. पण तिने रोसमिराचं हसू संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग विचारलं, "झालं हसून? आता सांगा, तुम्ही लोक काय करता?"

"आम्ही ती भिंतच बांधत नाही," रोसमिरा म्हणाली आणि परसाकडच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

पुढच्याच आठवड्यात आत्याने ती भिंत पाडून घेतली. स्वयंपाकघर परसाकडे सताड उघडं झालं. छप्पर आणि दोन खांब, पलीकडे आंब्याचं झाड. लाकडाचं फडताळ सरपणाला गेलं. त्याच्या जागी गवंड्याने सिमेंटची मांडणी घातली, दारं नसलेली. जमिनीला लाल कोबा झाला. मुंग्या लागू नयेत म्हणून तुळईला शिंकाळी टांगली. ब्रेड, पनेला गूळ, चीज, सगळं अधांतरी. रोसमिराचं माहेर ला चांबा, जिथे घरोघरी काळ्या मातीची भांडी घडवतात. एका शनिवारी ती आत्याला तिकडे घेऊन गेली. दोघी संध्याकाळी परतल्या त्या केळीच्या सोपटात गुंडाळलेली गाडगी-मडकी मांडीवर घेऊन, बसमधल्या प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. त्या दिवसापासून त्यांची मैत्री जमली. रोसमिरा तिला 'थंडीवाली' म्हणायची आणि आत्या तिला 'वाळवी'.

सगळं लागलं, पण मागची लांब भिंत कोरी राहिली. चुन्याने पांढरीफेक. आत्या तिच्याकडे पाठ करून रांधायची आणि जेवताना तोंड करून बसायची. "इथे काहीतरी हवं," ती म्हणायची.

रोसमिराने मिसाएल लोसादाला आणलं. तो ट्रकांच्या मागच्या फळ्या रंगवायचा, दुकानांच्या पाट्या लिहायचा, लाकडी बसगाड्यांवर संत काढायचा. पंचावन्नच्या आसपासचा, काटकुळा, विधुर. त्याच्या गवताच्या टोपीवर इतके रंग सांडले होते की मूळ गवत दिसत नव्हतं. त्याने भिंत हाताने चाचपली, दोन पावलं मागे गेला.

"काय काढू, बाई? आंबे, पोपट, नदीत जाळं टाकणारा माणूस? लोकांना हेच आवडतं."

"आंबा मला इथून दिसतो. पोपट पहाटेपासून डोकं खातात. त्यांना भिंतीवर कशाला बसवू? मला बोगोताचा माळ हवाय, सकाळचा. बटाट्याची शेतं, झुकलेली झाडं, धुकं. आणि बारीक पाऊस."

"इथल्या उन्हात पाऊस?"

"इथल्या उन्हातच हवाय, उस्ताद."

मिसाएलने आठवडाभर खपून भिंत रंगवली. शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा तो टोपी हातात घेऊन बाजूला उभा होता. आत्याने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "शेताला आग लागलीय का?" खरंच, गुऱ्हाळाच्या धुरासारखं ते धुकं गोळ्यागोळ्यांनी वर चाललं होतं. त्याने चुना घेऊन सगळं पुसून टाकलं. दुसऱ्या खेपेला धुकं झाडांवरून सरळ लोंबत होतं.

"ही मच्छरदाणी झाली, उस्ताद."

मिसाएलने कुंचला डब्यात ठेवला. "खोटं कशाला बोलू, बाई? मी डोंगराच्या वर कधी गेलोच नाही. नदीवरचं धुकं पाहिलंय, पण ते ऊन आलं की पळतं. तुम्ही म्हणता ते मला माहीतच नाही."

मला वाटलं, आता आत्या दुसरा रंगारी शोधेल. ती म्हणाली, "मग उद्या दुपारच्या बसने आमच्याबरोबर चला. माझ्या भावाकडे झोपायची सोय होईल."

तो बसस्टँडवर आला तो पांढऱ्या सुती सुटात, पायांत कॅनव्हासचे बूट. ठेवणीतला एकच सूट तेवढा होता. बस घाट चढू लागली तशी त्याने आधी खिडकी लावली, मग कॉलर वर केली, मग हात काखेत घातले. आमच्या दारात पोचेपर्यंत त्याचे ओठ निळे पडले होते. आईने दार उघडलं, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या कानात म्हणाली, "आत्याने नवरदेव आणलाय की पांढरे कपडे घालून चर्चमध्ये पहिल्या प्रसादाला निघालेलं पोर?" पण तिने सूप गरम केलं, आणि बाबांनी आपली घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली.

आम्ही दोघींनी कामावर रजा टाकली होती. पहाटे मी, आत्या आणि तो, तिघं बसने शहराबाहेर गेलो आणि मोस्केराच्या पुढे माळावर उतरलो. धुकं इतकं दाट होतं की रस्त्याच्या कडेची गाय आम्हाला आधी ऐकू आली आणि मग दिसली. मिसाएल कुंपणापाशी उभा राहिला. त्याने हात पुढे केला आणि परत घेऊन तळवा पाहिला. तो ओला होता.

"हे पांढरं नाहीच," तो म्हणाला. "मी उगाच पांढरा वापरत होतो."

ऊन वर येईपर्यंत, आमचे पाय बधिर होईपर्यंत, त्याने आम्हाला तिथे उभं ठेवलं.

परतताना आत्याने त्याला आपल्या खोलीवर दुधा-अंड्याचं सूप प्यायला नेलं. त्या घराच्या सामाईक स्वयंपाकघरात एक बाई कपडे उकळत होती, दुसरी पोराला रागावत होती. आत्याने पातेलं, डाव, तीन वाट्या, मिठाची पुडी, सगळं खोलीतून काखेत मारून आणलं, सूप केलं, आणि विसळून पुन्हा काखेत घेतलं. मिसाएल उठला आणि तिच्या हातातून पातेलं घेतलं. अंगणातून तो ते खोलीपर्यंत घेऊन गेला. दोन्ही बायका काम सोडून बघत राहिल्या. त्या घरात दुसऱ्याचं भांडं कुणी उचललं तर भांडण व्हायचं. असं उचललेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"इथे किती वर्षं आहात, बाई?" त्याने विचारलं.

"झाली असतील वीसेक."

"हं," तो म्हणाला, आणि त्याच दुपारी बसने खाली गेला. घोंगडी मात्र बाबांनी परत घेतली नाही.

तिसऱ्या खेपेला त्याने घाई केली नाही. चुन्यात कोळशाची पूड आणि चिमूटभर नीळ मिसळून त्याने हातावर हात दिले, एक वाळला की दुसरा. कित्येक शनिवार आम्ही गेलो की भिंत नुसती करडी दिसायची. मग एकदा त्यातून झाडं दिसायला लागली. पुढच्या वेळी बटाट्याच्या सऱ्या, लांबवर एक वाट. आत्याने त्याला बसवलं, पुन्हा पुन्हा वाढलं, आणि तो नको म्हणाला तरी वाढलं.

आत्या आणि मिसाएलबद्दल नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली होतीच. नाताळात आई पहिल्यांदा खाली आली ती मुख्यतः ह्या चौकशीसाठी. तिने मांडणीवरून बोट फिरवलं, शिंकाळी वर करून पाहिली. "सगळं उघड्यावर? चोर आले तर?" मग बुटक्या ओट्यावर भांडी घासून कंबर धरली म्हणून कुरकुरली. शेवटी टेकायला म्हणून भिंतीसमोर बसली, आणि तिच्याकडे बघत राहिली. आईचं बालपण माळावरच गेलं होतं, फोन्तिबोनच्या पुढे, आजोबांच्या शेतावर. ते शेत कधीच विकलं गेलं होतं. तिथे आता गोदामं आहेत.

बऱ्याच वेळाने ती मिसाएलला म्हणाली, "तिथे, डावीकडे, एक गाय हवी."

"गाय धुक्यात आहे, बाई," मिसाएल म्हणाला. "थोडं थांबा, येईल."

पुढच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा डावीकडे गाय होती, अर्धी दिसणारी, शिंगं आणि पाठ. आईने ती पाहिली आणि पदर खोचल्यासारख्या बाह्या मागे सारल्या. "हर्सीलिया, बटाटे कुठे आहेत?" तिने विचारलं. त्या दिवशी दोघींनी मिळून अहियाको केलं, तीन जातींच्या बटाट्यांचं, वरून आणलेल्या वासाच्या पाल्याचं. असल्या उन्हात ते उकळतं सूप पिणारे आम्हीच. रोसमिरा म्हणाली, हे लोक वेडे आहेत, आणि तिने दोनदा मागून घेतलं.

एकदा मी ओट्यामागे मडकी पुसत होते. दोघं परसात बसले होते आणि मी आत आहे हे विसरले होते. मिसाएलने साध्या सुरात विचारलं, आपण लग्न केलं तर काय हरकत आहे.

"हरकत एवढीच," आत्या म्हणाली, "की लग्न केलं तर हे स्वयंपाकघर दोघांचं होईल. मला आत्ता कुठे एकटीचं मिळालंय, मिसाएल."

मी पहिल्यांदाच तिच्या तोंडून त्याचं नुसतं नाव ऐकलं. मला वाटलं, तो उठून जाईल. तो म्हणाला, "बरं. मग जेवायला तरी येत जाऊ ना?"

"ते तर तुम्ही येताच."

निवृत्त झाल्यावर आत्याने बोगोतातली खोली सोडली आणि ती कायमची खालीच गेली. मिसाएल बाजाराजवळच्या आपल्या खोलीतून रोज दुपारी सायकलवरून यायचा. कधी नदीचा मासा, कधी युकाचे कंद आणायचा. आत्याने तोवर त्या पाककृती शिकून घेतल्या होत्या. केळी, युका आणि मासा काळ्या मडक्यात घालून मंद आचेवर ठेवायचं, आणि घाई करायची नाही. माझं लग्न झालं, मुलं झाली, ती त्या लाल कोब्यावर रांगली. माझ्या आठवणीत ती वर्षं म्हणजे एक लांबच लांब दुपार आहे: आंब्यात कीटकांची किरकिर, मडक्याची वाफ, आणि वाफेमागे ती थंड सकाळ.

मग मिसाएलच्या डोळ्यांत मोतीबिंदूपेक्षा वाईट काहीतरी झालं. आधी पाट्या लिहिणं सुटलं, नंतर सायकल. एक दिवस तो उन्हातून चालत आला आणि वाट चुकून रोसमिराच्या बकऱ्यांत शिरला. आत्याने त्याला जेवू घातलं आणि म्हणाली, "उद्या सामान घेऊन या."

"आणि स्वयंपाकघर?"

"जेवा मुकाट्याने."

त्याचं सामान म्हणजे एक पेटी, एक घोंगडी आणि कुंचल्यांचे डबे. डबे मांडणीवर तिच्या मडक्यांशेजारी गेले. त्याला दिसत नसल्यामुळे तो वस्तू हाताला सापडतील तशा ठेवायचा. साखर खाली आली, सुरी खिळ्याला गेली, कॉफीची गाळणी दाराशी. मी गेले की आत्या माझ्याजवळ तक्रार करायची, "एक वस्तू जागेवर नाही." पण तो झोपल्यावर मी गाळणी जुन्या खिळ्याला लावायला गेले, तेव्हा तिने माझा हात धरला. "राहू दे. त्याला सकाळी लागते."

अशी चार-पाच वर्षं गेली. तो गेला तो तिथेच, परसाकडच्या झोपाळ्यावर, दुपारच्या जेवणानंतर. आत्या त्यानंतर काही वर्षं एकटी राहिली. बोगोताला चल म्हटलं तर म्हणायची, "तिथे थंडी असते." शेवटच्या आजारात तिला तोकाइमाच्या दवाखान्यात ठेवलं होतं. पुरलंही तिथेच, मिसाएलच्या रांगेत, जागा शेजारची मिळाली नाही तरी.

नऊ दिवसांच्या प्रार्थना त्या घरातच झाल्या. शेवटच्या दिवशी सगळ्यांना जेवायला घालायचं होतं. म्हातारी आई बोगोताहून आली, म्हातारी रोसमिरा कुंपणापलीकडून आली. तामाल करायचे की अहियाको ह्यावर दोघींची जुंपली. रोसमिरा म्हणाली, गेलेली बाई खालची होती. आई म्हणाली, ती वरची होती, माझी नणंद होती. शेवटी दोन्ही झालं. गल्लीतले लोक, बसस्टँडवरचे ड्रायव्हर, एक्स्चेंजमधल्या दोन निवृत्त मैत्रिणी, सगळे परसात बसून जेवले.

दुपारी माणसं पांगली. आई आणि रोसमिरा भिंतीसमोर बसून कॉफी पीत होत्या. मी मडकी विसळली, उन्हात पालथी घातली, आणि सुकली तशी एकेक करून आत नेऊन लावली.